विल्सन यांची चौदा कलमे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या चौदा कलमांविषयी पुरोगामी वर्तुळात दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे एका सत्प्रवृत्त विद्वानाने रक्तबंबाळ झालेल्या जगाला शांततेचा मार्ग दाखविला, परंतु युरोपातील मुरलेल्या मुत्सद्द्यांनी त्याला पॅरिसमध्ये गुंडाळले. दुसऱ्या मताप्रमाणे हा सारा प्रकार म्हणजे निव्वळ धूळफेक होती. अमेरिकन सावकारी भांडवलाच्या अंगावर घातलेली ती नीतीची शाल होती. दोन्ही मते सोयीची आहेत. कोणतेही एक स्वीकारले की पुढे विचार करण्याची जबाबदारी उरत नाही. वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची आहे आणि समाजवादी चळवळीच्या दृष्टीने ती अधिक बोचरीही आहे.

८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे विल्सन यांनी ही कलमे मांडली. ती त्याच वेळी का मांडली गेली, हे प्रथम पाहावयास हवे. महायुद्धाचे चौथे वर्ष सुरू होते. ७ नोव्हेंबर १९१७ रोजी रशियात बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी शांततेचा हुकूमनामा काढला. परक्याचा मुलूख गिळंकृत करावयाचा नाही आणि खंडणी घ्यावयाची नाही, असा त्याचा आशय होता. पाठोपाठ झारच्या परराष्ट्रखात्याच्या तिजोऱ्या उघडून त्यांनी दोस्त राष्ट्रांचे गुप्त करारनामे वृत्तपत्रांत छापले. कॉन्स्टँटिनोपल रशियाला, टायरोल आणि डाल्मेशियाचा किनारा इटलीला, तुर्की साम्राज्यातील अरब प्रदेशांची ब्रिटन व फ्रान्स यांच्यात वाटणी, अशा या सौद्यांचा तपशील 'मँचेस्टर गार्डियन'ने इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. लोकशाहीच्या आणि चिमुकल्या बेल्जमच्या नावाने खंदकात पाठविलेल्या शिपायाला आपण नेमके कशासाठी मरत आहो, हे त्या दिवशी कळले. ब्रिटनमधील मजूर पक्षाने आणि कामगार संघटनांनी डिसेंबरमध्ये युद्धाच्या हेतूंविषयी स्वतःचे स्वतंत्र निवेदन काढले. कामगार बिथरला आहे, हे ओळखून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ५ जानेवारी रोजी लंडनमध्ये कामगार प्रतिनिधींच्या सभेत युद्धहेतू जाहीर केले. विल्सन यांचे भाषण त्यानंतर तिसऱ्या दिवशी झाले. तात्पर्य, चौदा कलमे आकाशातून पडली नाहीत. त्यांच्यामागे पेट्रोग्राडच्या क्रांतीचा आणि युरोपातील कामगारांच्या असंतोषाचा रेटा होता. भाषणाच्या मसुद्यामागील अभ्यास ज्या तज्ज्ञमंडळाने केला, त्यात वॉल्टर लिपमन हा अठ्ठावीस वर्षांचा पत्रकार होता. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असता त्याने तेथील सोशॅलिस्ट क्लबचे नेतृत्व केले होते, ही गोष्ट गमतीची खरी, परंतु अगदीच निरर्थक नव्हे.

यातील सहाव्यापासून तेराव्यापर्यंतची कलमे प्रादेशिक आहेत. रशिया व बेल्जम यांची मुक्तता, अल्सेस-लॉरेनचा प्रश्न, इटलीची सीमा, ऑस्ट्रिया-हंगेरी, बाल्कन व तुर्कस्तान यांतील लोकसमूहांची स्वायत्तता, स्वतंत्र पोलंड, असा त्यांचा विषय. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. तत्त्वाची कलमे सहा. करार उघड असावेत, समुद्र सर्वांना मोकळा असावा, व्यापारातील आर्थिक अडसर दूर व्हावेत, शस्त्रे कमी व्हावीत, वसाहतींवरील दाव्यांचा निःपक्षपाती निवाडा व्हावा आणि या सर्वांवर कळस म्हणून लहानमोठ्या राष्ट्रांच्या स्वातंत्र्याची परस्परांना हमी देणारा राष्ट्रांचा संघ स्थापन व्हावा.

या सहांपैकी तिसऱ्या कलमाकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तेथेच थांबावयास हवे. १९१६ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांनी पॅरिसला एक आर्थिक परिषद भरविली होती आणि युद्ध संपल्यानंतरही जर्मनीच्या व्यापाराची कोंडी चालू ठेवण्याचे बेत तेथे आखले होते. म्हणजे तोफा थांबल्या तरी जकातीची लढाई पुढे चालावयाची होती. विल्सन यांचे तिसरे कलम या बेताला दिलेले उत्तर होते. शांततेत सहभागी होणाऱ्या सर्व राष्ट्रांना व्यापाराच्या अटी समान असाव्यात, असे ते म्हणते. तत्त्व रास्त होते. अर्थात ज्या देशाच्या कारखान्यांना तीन वर्षांच्या युद्धपुरवठ्याने अफाट बळ आले आहे, त्या देशाला खुला व्यापार प्रिय वाटावा, यात नवल नाही. १९१४ पर्यंत अमेरिका युरोपची ऋणको होती. युद्ध संपेपर्यंत ती जगाची धनको झाली. परंतु सांगणाऱ्याचा स्वार्थ आहे, एवढ्यावरून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. खरा दोष निराळा होता. आर्थिक अडसर 'शक्य तेथवर' दूर करावेत, अशी त्या कलमाची शब्दरचना होती. या दोन शब्दांतून पुढे काय काय निसटले, ते यथावकाश दिसेल.

पाचवे कलम आशियाच्या आणि आफ्रिकेच्या दृष्टीने महत्त्वाचे. वसाहतींवरील दाव्यांचा निवाडा करताना तेथील जनतेच्या हिताला दावा सांगणाऱ्या सरकारच्या न्याय्य मागणीइतकेच वजन द्यावे, असे ते सांगते. काळजीपूर्वक वाचले म्हणजे लक्षात येते की, येथे जनतेच्या हिताचा उल्लेख आहे, इच्छेचा नाही. हित कोणते, हे ठरविणारा दुसराच कोणी असू शकतो. 'स्वयंनिर्णय' हा शब्द तर चौदा कलमांत कोठेही नाही. तो विल्सन यांनी ११ फेब्रुवारी १९१८ च्या भाषणात उच्चारला. पण शब्द एकदा तोंडातून सुटला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही. या शब्दात सुरुंगाची दारू भरलेली आहे, अशी नोंद त्यांचेच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात केली. लॅन्सिंग हे कोतेपणाने विचार करणारे गृहस्थ होते, परंतु या बाबतीत त्यांना आपल्या अध्यक्षांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले.

ही दारू हिंदुस्थानातही पोचली होती. मद्रासचे सर सुब्रमण्य अय्यर यांनी १९१७ मध्येच विल्सन यांना पत्र लिहून हिंदी स्वराज्याची बाजू मांडली होती. त्यावरून ब्रिटिश पार्लमेंटात टीका झाली, तेव्हा या वृद्ध न्यायमूर्तींनी आपला 'सर' हा किताब टाकून दिला. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानला लागू करावे, असा ठराव केला आणि शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, गांधीजी व हसन इमाम यांची नावे सुचविली. टिळक त्या वेळी चिरोलवरील दाव्याच्या निमित्ताने लंडनमध्ये होते. पॅरिसला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. तेव्हा त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सन यांना आणि मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्रे लिहिली. स्वराज्य मिळालेला हिंदुस्थान आशियाच्या शांततेचा आधारस्तंभ होईल आणि राष्ट्रसंघाचे बळ वाढवील, असा टिळकांचा युक्तिवाद होता. त्यात आर्जव नव्हते. व्यवहारी राजकारण्याने दुसऱ्या राजकारण्यापुढे मांडलेला तो हिशेब होता. विल्सन यांच्या कार्यालयाकडून सभ्य उत्तर आले. हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांपुढे येईल, असा त्याचा मथितार्थ होता. योग्य अधिकारी कोण, हे सांगण्याची गरज नव्हती. पुढे तहनाम्यावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या, त्या भारतमंत्री माँटेग्यू यांच्या आणि बिकानेरच्या महाराजांच्या. स्वतःचे राज्य नसलेला हा देश अशा रीतीने राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद झाला.

इतरांचा अनुभव वेगळा नव्हता. इजिप्तच्या सआद झगलुल यांना मार्च १९१९ मध्ये माल्टाला हद्दपार करण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने इजिप्तवरील ब्रिटिश संरक्षणाधिकार मान्य केला. कोरियात १ मार्चला उसळलेली स्वातंत्र्याची मागणी जपानने चिरडली. चीनमधील शांटुंगचे जर्मन हक्क चीनला परत न देता जपानच्या पदरात टाकण्यात आले आणि त्याविरुद्ध ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. मात्र याच जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचे तत्त्व घालावे, अशी सूचना आणली होती. ११ एप्रिल १९१९ रोजी समितीतील सतरापैकी अकरा मते तिच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. तीव्र विरोध असल्याने एकमताखेरीज ती स्वीकारता येत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. ज्यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या नोकरांना वेगळे बसविण्यास सुरुवात झाली, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा करणेही कदाचित अन्यायाचे होते. या निर्णयानंतर दोन दिवसांनी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळ्या झाडल्या.

आता युरोपकडे वळू. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनीने युद्धतहकुबीची याचना केली, ती चौदा कलमांच्या आधारावर. ५ नोव्हेंबरच्या अमेरिकन खलित्यात दोस्तांच्या दोन शर्ती कळविण्यात आल्या : समुद्राच्या मोकळिकीविषयी आपण बांधलेले नाही आणि नागरी जनतेच्या व मालमत्तेच्या हानीची भरपाई जर्मनीने द्यावी. एवढ्या अटींसह चौदा कलमे हा करार ठरला आणि ११ नोव्हेंबरला शस्त्रे खाली ठेवली गेली. शस्त्रे खाली ठेवल्यानंतरही जर्मनीची अन्नकोंडी जुलै १९१९ पर्यंत पूर्णपणे उठली नाही, ही गोष्ट तहाच्या चर्चेत क्वचितच सांगितली जाते.

पॅरिसमध्ये उघड करारांच्या पहिल्या कलमाचा बळी सर्वांत आधी गेला. चार मोठ्या राष्ट्रांचे प्रमुख बंद दाराआड बसले. आरंभी तर टिपणे घेण्यास चिटणीसही नव्हता. भरपाईच्या प्रश्नावर घडले ते अधिक गंभीर होते. 'नागरी हानी' या शब्दांत सैनिकांची निवृत्तिवेतने आणि त्यांच्या कुटुंबांना दिलेले भत्ते बसतात, असा युक्तिवाद दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्स यांनी केला. गांधीजींच्या सत्याग्रहाला तोंड दिलेले हेच ते स्मट्स. शिपाई युद्धापूर्वी नागरिक होता आणि युद्धानंतर पुन्हा नागरिक होईल, असे हे तर्कशास्त्र! विल्सन यांच्या कायदेतज्ज्ञांना ते पटले नाही. विल्सन यांनी मात्र ते स्वीकारले. मागण्यांचा आकडा त्यामुळे जवळजवळ दुप्पट झाला. तहात रक्कम लिहिलीच नाही. मे १९२१ मध्ये ती १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली. यातील ८२ अब्जांचे रोखे केवळ जनतेच्या समाधानासाठी कागदावर होते, खरा बोजा ५० अब्जांचा होता, असे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. ते मान्य केले तरी मूळ आर्थिक प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न असा. एक देश दुसऱ्या देशाला एवढी रक्कम देणार कशाने? सोने मर्यादित असते. अखेर देणे भागते ते मालाने. जर्मनीने भरपाई द्यावयाची तर तिने आयातीपेक्षा कितीतरी अधिक निर्यात करावयास हवी आणि तो माल कोणी तरी विकत घ्यावयास हवा. भरपाई हवी, पण जर्मन माल नको, हे दोन्ही एकदम साधत नाही. म्हणजे भरपाईचे कलम आणि खुल्या व्यापाराचे तिसरे कलम ही एकाच गाड्याची दोन चाके होती. त्यांपैकी एक बसविले आणि दुसरे रस्त्यात टाकून दिले. ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी जॉन मेनार्ड केन्स यांनी हे ओळखले होते. १९१९ च्या वसंतात त्यांनी युरोपच्या पतपुनर्रचनेची एक योजना मांडली. दोस्तांची एकमेकांवरील कर्जे रद्द करण्याचाही त्यांनी आग्रह धरला. त्या योजनेला विल्सन यांनीच नकार दिला. दोस्तांकडून अमेरिकेचे येणे सुमारे दहा अब्ज डॉलर्स होते आणि ते सोडावयास अमेरिका तयार नव्हती. फ्रान्सला अमेरिकेचे कर्ज फेडावयाचे आहे, तर फ्रान्स जर्मनीच्या मानगुटीवरून उतरेल कसा? क्लेमांसो यांच्या सूडबुद्धीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. धनकोच्या वहीविषयी त्या मानाने थोडे.

जूनमध्ये केन्स राजीनामा देऊन निघाले आणि वर्षअखेर त्यांनी शांततेच्या आर्थिक परिणामांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात त्यांनी रंगविलेले, भाबड्या धर्मोपदेशकासारखे विल्सन यांचे चित्र वाचनीय आहे, पण पुरते न्याय्य नाही. ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तोडावयाचा क्लेमांसो यांचा बेत विल्सन यांनी हाणून पाडला, फ्यूम शहर इटलीला देण्यास ठाम नकार दिला, हेही त्यांच्या जमेच्या बाजूस मांडावयास हवे. तिसऱ्या कलमाचे पुढे काय झाले, ते मात्र सर्वांसमोर आहे. अमेरिकेने १९२२ मध्ये आपली जकात वाढविली. १९२४ नंतर अमेरिकन सावकारांनी जर्मनीला कर्ज द्यावे, जर्मनीने त्यातून ब्रिटन-फ्रान्सला भरपाई द्यावी, त्यांनी त्यातून अमेरिकेचे हप्ते भरावेत, असा रहाट फिरू लागला. १९२९ मध्ये कर्जाचा झरा आटला आणि रहाट थांबला. १९३० मध्ये स्मूट-हॉली कायद्याने अमेरिकेने जकातीची भिंत आणखी उंच केली. १९३२ मध्ये लोझानला भरपाई जवळजवळ रद्दच झाली. परंतु तोपर्यंत जर्मनीत साठ लाखांच्या आसपास बेकार होते आणि हिटलर सत्तेच्या उंबरठ्यावर होता.

विल्सन यांच्यापुढे दुसरा मार्ग होता काय? हा या विषयाचा गाभा आहे. १९१८ च्या अखेरीस ते युरोपात उतरले, तेव्हा पॅरिस, रोम, मिलान या शहरांत लोटलेली गर्दी सामान्य माणसांची होती आणि तिच्यात समाजवादी व कामगार कार्यकर्ते आघाडीवर होते. खालसा नको, खंडणी नको, ही मागणी करणारा एकमेव संघटित वर्ग तोच होता. शांततेचा हा खरा आधार. पण त्याच्याशी नाते जोडण्याऐवजी विल्सन यांनी तो आधीच तोडून टाकला होता. १९१७ मध्ये युद्धरत देशांतील समाजवाद्यांनी स्टॉकहोमला एकत्र यावयाचे ठरविले, तेव्हा मॉरिस हिलक्विट प्रभृती अमेरिकन समाजवाद्यांना त्यांच्या सरकारने पारपत्रे नाकारली. १६ जून १९१८ रोजी ओहायोमधील कँटन येथे यूजीन डेब्ज यांनी युद्धविरोधी भाषण केले. त्याबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या वर्षी जगाला उघड मुत्सद्देगिरीचे वचन दिले, त्याच वर्षी स्वतःच्या देशात उघड बोलणाऱ्याला बेड्या पडल्या. परिणामी १९१९ मध्ये सिनेटमधील प्रतिगाम्यांशी सामना देण्याची वेळ आली, तेव्हा विल्सन यांच्या पाठीशी उभे राहावयास ना मूलगामी उदारमतवादी उरले होते, ना समाजवादी. तहनामा पाहून त्यांचा केव्हाच भ्रमनिरास झाला होता.

सिनेटची कथा थोडक्यात सांगता येते. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे गेली होती. राष्ट्रसंघाच्या घटनेतील दहाव्या कलमाने अमेरिकन सैन्य परक्यांच्या भांडणात ओढले जाईल, असा सिनेटर लॉज यांचा आक्षेप होता. विल्सन लोकांपुढे गेले, रेल्वेने हजारो मैल हिंडले आणि सप्टेंबरअखेर प्यूब्लो येथील भाषणानंतर कोसळले. २ ऑक्टोबर १९१९ ला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आक्षेपांसह तहनामा मान्य करण्यास त्यांनी आपल्या पक्षीयांना अखेरपर्यंत मनाई केली. १९ मार्च १९२० रोजी ४९ विरुद्ध ३५ अशी मते पडली. दोनतृतीयांशाला सात मते कमी. अमेरिकेच्या अध्यक्षाने कल्पिलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका कधीच आली नाही.

त्या तहनाम्याचा एक भाग मात्र टिकला आणि तो चौदा कलमांत नव्हता. कामगारांच्या दबावामुळे तहाच्या तेराव्या भागात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची तरतूद झाली. तिची पहिली परिषद ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. विल्सन त्या वेळी आजारपणाने अंथरुणाला खिळलेले होते. आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, हा तेथील पहिला करार. हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांना सरकारने तेथे पाठविले होते. अठ्ठेचाळीस तास हिंदुस्थानला लागू झाले नाहीत. आपल्यासाठी साठ तासांचा आठवडा ठरला. न्यायाच्या तराजूत येथेही वेगळी वजने होतीच. तथापि १९११ च्या कायद्याने गिरणीत पुरुषाला दिवसाचे बारा तास राबविता येत होते आणि १९२२ च्या दुरुस्तीने आठवड्याचे साठ तास कायद्यात आले, हा फरक परळ-लालबागच्या कामगाराला अंगावर जाणवणारा होता. पॅरिसच्या एकाही मोठ्या तत्त्वाने त्याच्या पदरात एवढे टाकले नव्हते.

कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का नेमावा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि त्याला उत्तर द्यावयाचे तर कामगारांची देशव्यापी संघटना हवी होती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्यानंतर दोन दिवसांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. अॅटलांटाच्या तुरुंगातून डेब्ज समाजवादी पक्षाच्या वतीने तिला उभे होते आणि नऊ लाखांहून अधिक अमेरिकनांनी या कैद्याला मते दिली. जानेवारी १९२१ मध्ये त्यांच्या सुटकेची शिफारस विल्सन यांच्या टेबलावर आली. ती त्यांनी नामंजूर केली. डेब्ज यांची सुटका झाली ती त्या वर्षाच्या नाताळात, रिपब्लिकन अध्यक्ष हार्डिंग यांच्या हुकमाने.